'नागपूरच्या थंडीत वेदरचं टेन्शन नाही' हा मेसेज फॉरवर्ड करू नका

आपल्या रनिंग ग्रुप्सवर एक मेसेज आठवडाभर फिरून राहिला. त्यात म्हटलंय की जानेवारीत नागपूरची हवा ठरलेली असते, म्हणून कपडे आठ दिवस आधीच फिक्स करा, थंडीत पाणी कमी लागतं, गरम झालंच तर मिळेल तिथे भरपूर प्या, आणि काहीही झालं तरी टार्गेट पेस (किलोमीटरमागे ठरवलेला वेळ) सोडू नका, सगळा मनाचा खेळ आहे. यंदा जानेवारीच्या मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदा फुल, म्हणजे ४२ किलोमीटर, धावणारी बरीच पोरं आहेत, त्यांनी हे खरं धरू नये म्हणून लिहितेय.

हवा ठरलेली? अहो, २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात पारा ३.५ वर गेला होता. आणि अवकाळी तर विदर्भाला नवीन नाही, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतकऱ्याच्या घरात विचारा. मी स्वतः एकदा फेब्रुवारीत सेमिनरी हिल्सला लाँग रन करत होते, निघताना आभाळ थोडं भरलेलं, बाराव्या किलोमीटरला पाऊस आणि मागोमाग बोराएवढ्या गारा. अंगात कॉटनचा टीशर्ट, तो भिजून छातीला चिकटला, वरून वारा, आणि दहा मिनिटांत बोटं इतकी आखडली की मिठाच्या पुडीचं टोक दातानं फाडावं लागलं. भिजलेलं अंग कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर गार पडतं, आणि थकून चालायला लागलो की आतली उष्णताही कमी होते, तेव्हाच खरा त्रास सुरू होतो.

म्हणून कपडे आठ दिवस आधी फिक्स करायचेच नाहीत. इतक्या आधीचा अंदाज नुसता कल दाखवतो, शेवटच्या दोन-तीन दिवसांत तो बराच पक्का होतो. बॅगेत दोन्ही सेट ठेवा, आदल्या रात्री ठरवा.

बरं, पाऊस आलाच नाही तरी आपल्याकडचा दिवस एकसारखा कुठे असतो! पहाटे पाचला कस्तुरचंद पार्कजवळ १०-१२ डिग्रीत दात वाजतात आणि पाच तासांनी फुल मॅरेथॉनवाले वर्धा रोडच्या सिमेंटवर असतात तेव्हा पारा २५ च्या आसपास, वर डोक्यावर ऊन. धावताना हवा आहे त्यापेक्षा ८-१० डिग्री जास्त गरम वाटते हे धरूनच कपडे घाला, म्हणजे स्टार्टला थोडं कुडकुडायला झालं तरी चालेल. जुना स्वेटर घालून उभं राहा, निघताना घरच्यांच्या हातात द्या.

पाण्याचा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. थंडीत तहान कमी जाणवते पण घाम निघतच असतो, त्यामुळे पाणी टाळू नका. आणि 'भरपूर प्या' हे त्याहून वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, कमी निघालं, आणि त्याचा सगळ्यात जवळचा संबंध धावताना वजन वाढण्याशी होता, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलेलं. तहान लागेल तसं प्या, सोबत मीठ असू द्या, आणि डोकं दुखून उलटीसारखं होत असेल, बोटं सुजली असतील तर अजून पाणी न ढोसता मेडिकल टेंटमध्ये जा.

राहिला पेस. २०१९ मध्ये दोहाला वर्ल्ड चॅम्पियनशिपची महिला मॅरेथॉन उष्णतेमुळे रात्री बाराला सुरू केली, तरी ३२ डिग्री आणि दमट हवा, ६८ पैकी २८ जणींनी मध्येच सोडली. जिंकली केनियाची रुथ चेपनगेटिच, २:३२:४३ मध्ये. त्याच वर्षी दुबईत ती २:१७:०८ धावली होती. म्हणजे जगातल्या टॉपच्या बाईने पंधरा मिनिटं सोडून दिली आणि म्हणून गोल्ड आलं, तिचं मन काय कमजोर होतं का?

मी यंदा तीन पेस कागदावर लिहून ठेवलेत, एक थंड सकाळचा, एक पावसाचा, एक उन्हाचा. उन्हाचा पेस किलोमीटरला २० सेकंदांनी स्लो आहे, आणि तो आजच नवऱ्याला वाचून दाखवलाय, म्हणजे तिसाव्या किलोमीटरला मी हट्टाला पेटले तर तो मला आवाज देऊ शकेल.