तो ट्रक आमच्याच वाडीतला

गेल्या महिन्याभरात देवगड-राजापूर पट्ट्यातल्या बहुतेक ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. मला तो चार वेळा आला, त्यात एकदा खुद्द मेहुण्याकडून. मथळा: 'कोकणी माणसा जागा हो!' आतला मजकूर थोडक्यात असा, की वनखातं रात्री ट्रक भरभरून बिबटे, माकडं, साप नि मगरी आपल्या गावांत आणून सोडतं, म्हणजे लोक वैतागून जमिनी विकतील. पुरावा म्हणून पाच मुद्दे. बिबट्या इथे पूर्वी नव्हता. माकडं परराज्यातली आहेत. पावसात घराघरांत साप निघतात ते सर्पमित्रांनी सोडलेले. चिपळूणच्या रस्त्यावर मगर फिरली. दोडामार्गात हत्ती आले. आणि खाली एक फोटो. अंधारात उभा ट्रक, त्यात जाळीचा पिंजरा, बाजूला बॅटरी धरलेला लुंगीवाला.

फोटोपासून सुरू करतो, कारण ती लुंगी माझ्या ओळखीची आहे. माझ्या चुलतभावाची. मागे दिसतो तो चिऱ्याचा गडगा आमचा आणि गडग्यावर वाकलेला फणसही आमचाच.

आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एक जुनी बाव, म्हणजे विहीर आहे, काठाबरोबर उघडी. दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या आधी कुत्र्याच्या मागे धावताना बिबट्या तिच्यात पडला. सकाळी पाण्याला गेलेली काकी कळशी तिथेच टाकून ओरडत आली, "बावीत वाघ पडलो रे!" (आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, पट्ट्याचा तो वेगळा.) वनखात्याची माणसं पोचेपर्यंत आम्ही चार दोरांना बांधून एक खाट उलटी सोडली, म्हणजे पोहून दमलेल्या जनावराला टेकायला काहीतरी मिळावं. बिचारा तिच्यावर चढून बसला आणि दिवसभर वर बघत राहिला. वाडीतली शंभर माणसं त्याच्याकडे बघत होती. पिंजरा यायला दुपार, आणि माणसं हटवायला संध्याकाळ. अंधार पडून आवाज थांबले तेव्हा कुठे तो सोडलेल्या पिंजऱ्यात शिरला. दार पडलं, आणि खाडीवरल्या होडीचा दोर लावून आम्हीच तो वर ओढला. ट्रक गेला रात्री साडेनऊला. फोटो तेव्हाचा. म्हणजे ट्रक बिबट्या घेऊन आला नव्हता, घेऊन गेला.

आता मेसेजवाल्याला अर्धा गुण. पकडलेला बिबट्या पुढे कुठेतरी सोडतातच, आणि एके काळी तो लांब नेऊन सोडत. जुन्नर भागात 2000 नंतर उसातले बिबटे पकडून दुसऱ्या रानांत सोडायचा सपाटा लागला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून जे निघालं ते खात्यालाच अडचणीचं होतं: जिथे बिबटे नेऊन सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलूख, आधीच तिथे असलेले दुसरे बिबटे आणि पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर, दुसरं काय होणार? शिवाय सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहतो असंही नाही. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेल्या एका नराला गळ्यात माग दाखवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ठेवलं होतं आजोबा. हे आजोबा रेल्वेमार्ग, हायवे आणि शेवटी वसईची खाडी ओलांडून सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला पोचले. हे सगळं बघूनच 2011 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि बिबटे उचलून लांब नेण्याची वाट त्यांत नापसंत केली. तेव्हा खात्याला दोष द्यायचाच तर जुन्नरची गोष्ट सांगा. ती खरी आहे, तिच्यात कारस्थान लागत नाही.

'पूर्वी बिबट्या नव्हता' हा पहिला मुद्दा. पूर्वी म्हणजे कधी? सिंधुदुर्गात वाघबारस कोणी चालू केली, वनखात्याने? पोराला वाघ करून गावभर पळवायचा आणि गुरांच्या रक्षणाचं गाऱ्हाणं घालायचं, हे मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला सुचलेलं नाही. किती गावांच्या वेशीवर वाघदेवाचा दगड आहे तो मोजा. आमच्याकडे कुत्रं टिकत नाही ही तक्रार तर माझी आजीसुद्धा करायची.

बदललं ते बिबट्याच्या आसपासचं. माझ्या लहानपणी गावाभोवतीचं रान उघडंबोडकं असायचं. राबासाठी टाळ (झाडांच्या फांद्या) तोडायचे, भाजायचे, त्या राखेत भाताचा तरवा (रोपं). सरपण रोजचं. गुरं वाडीवाडीची आणि राखायला पोरं. घराच्या खळ्यातून (अंगणातून) समोरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, दिसायचा. मग पोरं मुंबईला गेली, गुरं विकली, गॅस आला, मळे पडीक पडले. आज त्याच मळ्यात करवंदीची आणि घाणेरीची जाळी आहे, गडग्यापर्यंत आलेली. जाळीत रानडुक्कर, डुकरामागे बिबट्या, आणि बिबट्याला सोपं भक्ष्य हवं तर नाक्यावरल्या कोंबडीच्या दुकानामागे पोसलेली मोकाट कुत्री. यात ट्रकचं भाडं कुठे बसतं मला कळत नाही. आणि सोडायला सरकारी जंगल तरी कुठाय? रत्नागिरी जिल्ह्यात ते नावापुरतं. रान आहे ते आपल्या सातबाऱ्यावरचं. बिबट्या आपल्याच मालकीच्या पडीक जमिनीत राहतो, आपल्या नकळत.

एक आणखी. ग्रुपवर येणारे निम्मे 'बिबटे' बिबटे नसतातच. 'काजूच्या बागेत बिबट्याची दोन पिल्लं' म्हणून आलेला व्हिडिओ मी नीट पाहिला, तर ते कांडेचोर, म्हणजे उदमांजर. रात्री माळ्यावर कौलं वाजवणारं, फणसाच्या गऱ्यांवर ताव मारणारं. वाघाटी या छोट्या रानमांजरीचंही तेच होतं. मांजराएवढी, अंगावर ठिपके, झालं, 'बिबट्याचं पिल्लू'. मग कोणीतरी ते उचलून घरी आणतो आणि त्याची आई रात्रभर ओरडत फिरते.

माकडांचा मुद्दा मात्र झटकता येणार नाही, कारण नुकसान खरं आहे. नारळाचे कोवळे फळ, केळ, पावटा, काजू काही ठेवत नाहीत. आमच्या तात्यांनी यंदा परसातली भाजीच केली नाही. "माकडांका वाडूक लावू की काय?" पण ती परराज्यातून आणली का, हे ठरवायला अभ्यास नको, शेपूट बघा. उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड आखूड शेपटीचं. आपल्याकडचं केलडं डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस मिरवतं, आणि त्याची शेपूट अंगापेक्षा लांब. ते दक्षिण भारताशिवाय जगात कुठे आढळत नाही, म्हणजे आपण आहोत तिथलंच. काळ्या तोंडाचा वानर तर सगळ्यांनाच ओळखीचा. मी आमच्या बागेतल्या टोळीचे मोबाइलवर फोटो काढले. सगळ्या शेपट्या लांब. उत्तरेतला एकही पाहुणा निघाला नाही.

इथेही अर्धा गुण देतो. एका गावात पकडलेली माकडं दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडली अशा तक्रारी कोकणात होतात, आणि त्यांतल्या काही खऱ्या असतील याची मला शंका नाही. पण तो गावागावातला व्यवहार झाला. आपली पीडा शेजाऱ्याच्या दारात ढकलायची, ही पद्धत वनखात्याने आपल्याला शिकवली नाही.

सापांचं थोडक्यात. मृगाच्या आसपास साप दिसतात कारण बिळांत पाणी शिरतं, दिव्याखाली बेडूक जमतात आणि नेमकी तेव्हाच पिल्लं बाहेर पडतात. नागाची अंडी याच सुमारास फुटतात. घोणस तर अंडी घालत नाही, ती जिवंत पिल्लं देते, एका वेळी वीस-तीससुद्धा. न्हाणीच्या मोरीत एका दिवसात सहा पिल्लं निघाली तर ती कोणी पिशवीतून आणून ओतलेली नसतात, मोरीमागच्या चिऱ्यांच्या ढिगात आई असते. फुरशाचं तर विचारूच नका. ब्रिटिशांनी रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला इनाम लावलं होतं, तेव्हा लोकांनी ती लाखांनी आणून दिली. तेव्हा कुठला सर्पमित्र होता? मला राग येतो तो या मुद्द्याचा, कारण यातून माणूस मरतो. साप 'सोडलेला' आहे म्हणून तो 'विषारी नसणार, दात काढले असतील' असं म्हणत आमच्या शेजारच्या वाडीतला एकजण साप चावल्यावरही तासभर खळ्यात बसून राहिला होता. वाचला, नशीब. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही एकच प्रतिविष चालतं, ते सरकारी दवाखान्यात मिळतं, आणि कोणी सोडला याची चौकशी नंतर करता येते.

मगर. वाशिष्ठीत मगरी आहेत हे चिपळूणकराला सांगायची गरज नाही. तिकडे सावित्रीत महाडलाही आहेत. 2024 च्या पावसाळ्यात रात्री रस्त्यावरून चालत गेली ती मगर नदीला पाणी चढल्यावर चिपळुणातली माणसं जे करतात तेच करत होती, वरची जागा शोधत होती.

हत्तींच्या बाबतीत मात्र 'पूर्वी नव्हते' हे अगदी बरोबर. ते 2002 मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात आले आणि त्यांनी माड, केळी, भाताची जी नासधूस केली ती तिथल्या लोकांना विचारा, हसण्यावारी नेऊ नका. पण ते चालत आले, आपल्या पायांनी. हत्ती गुपचूप ट्रकात घालून सोडता येतो असं ज्याला वाटतं त्याने 2015 आठवावं. माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडायला कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणि माहूत आणावे लागले होते आणि सगळ्या जिल्ह्याचं लक्ष तिकडे होतं.

लांबून येणाऱ्यांचंच म्हणाल तर ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये पट्टी लावलेली एक कासवीण 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. मेसेजमध्ये तिचा उल्लेख नाही. ती कोणाची केळी खात नाही ना.

मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. मेहुण्याने अंगठा दाखवला. तात्यांनी विचारलं, "मगे आमच्या नुकसानीचा काय?" प्रश्न बरोबर होता. नुकसान भरपाई मागायची तर झाल्या झाल्या वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो, आणि 'तुम्हीच सोडलात' म्हणून भांडत बसलेल्या माणसाचा अर्ज घरातच राहतो. तात्यांचा माडांचा अर्ज मी रविवारी भरून दिला. दोन फोटो, सातबारा, आणि त्यांची सही घेताना त्यांनी मला पुन्हा एकदा विचारलंच, "पण ट्रक इल्लो होतो ना?"

"इल्लो होतो," मी म्हटलं. "दोर तुम्हीच ओढलात."

बावीला अजून कठडा नाही. चिरे येऊन पडलेत, गवंडी गणपतीनंतर येतो म्हणतो.