खुलासा : 'टेक्केन'ची घरगुती आवृत्ती दुय्यम होती का?

'जुने थ्रीडी फायटिंग गेम आर्केडमध्येच (नाणं टाकून खेळायच्या सार्वजनिक यंत्रांवरच) खरे. घरच्या कन्सोलवर यायची ती कापून-छाटून केलेली नक्कल,' असा एक मजकूर फिरतोय आणि उदाहरण म्हणून 'टेक्केन'चं नाव पुढे केलंय. नेमकं हेच उदाहरण चुकलंय.

जपानी गेम कंपनी नामकोचा 'टेक्केन' आर्केडमध्ये चालायचा तो सिस्टम ११ या सर्किट बोर्डावर, आणि हा बोर्ड मुळात सोनीच्या प्लेस्टेशन या घरगुती कन्सोलच्याच हार्डवेअरवर बेतलेला. त्यामुळे १९९५ साली गेम घरी आला तेव्हा फारसं काही छाटावंच लागलं नाही. सीडीमुळे लोडिंगची वाट पाहावी लागायची, हे खरं. पण सुरुवातीच्या त्या लोडिंगमध्ये 'गॅलगा' हा नामकोचाच जुना अवकाशयुद्धाचा गेम खेळायला दिला होता, आणि त्याचे आठही टप्पे एकही शत्रू न सोडता पार केले की डेव्हिल काझुया हे लपवलेलं पात्र हाती यायचं! शिवाय पात्रांच्या शेवटच्या चित्रफिती घरच्याच आवृत्तीत.

तक्रार लागू पडते ती सेगाच्या 'व्हर्च्युआ फायटर'ला. १९९३चा हा गेम मॉडेल १ या महागड्या बोर्डासाठी घडवलेला. सेगाच्याच सॅटर्न या घरगुती कन्सोलची रचनाच वेगळी. नोव्हेंबर १९९४मध्ये जपानात सॅटर्नसोबत आलेल्या आवृत्तीत पॉलिगॉन (थ्रीडी आकृती घडवणारे सपाट तुकडे) कमी झाले, मध्येच लुकलुकायचेही. खेळण्याची पकड मात्र शाबूत होती. पुढच्याच वर्षी सेगाने त्या आकृत्यांवर टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाची चित्रं, चढवून 'रीमिक्स' काढला.

आणि नामकोचाच 'सोलकॅलिबर'? सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलवरची १९९९ची आवृत्ती दिसायला आर्केडपेक्षा सरळसरळ सरस होती.