दुर्ग, तुआम आणि आमचे काका

छत्तीसगडमधील दुर्ग स्थानकावर २५ जुलै २०२५ रोजी केरळच्या दोन धर्मभगिनींना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हापासून पुण्यातील आमच्या कौटुंबिक ग्रुपवर जो वाद पेटला आहे तो काही केल्या विझत नाही. काकांच्या मते सिस्टर म्हटली की बाटवाबाटवी आलीच. आत्याच्या मते त्या साक्षात देवमाणसे, कारण कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये तिच्या दोन्ही मुलींचे इंग्रजी सुधारले. त्या सिस्टरांसोबत असलेल्या तरुणींच्या घरच्यांनी, मुली आधीपासूनच ख्रिस्ती असून आमच्या संमतीने आग्र्याला कामासाठी निघाल्या होत्या, असे सांगितले आणि २ ऑगस्टला बिलासपूरच्या न्यायालयाने जामीनही दिला, तरी काकांचा हेका कायम आहे. पुण्याला हे नवे नाही म्हणा. १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवरसुद्धा ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण, झाले. ते मिशन अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे होते, या सिस्टरांसारखे कॅथलिक नव्हे, पण हा भेद काकांच्या गावीही नाही.

मी आयर्लंडमधल्या गॉल्वेत राहतो. त्याच जुलैत इथून अर्ध्या तासावरच्या तुआममध्ये पुरलेल्या मुलांच्या अवशेषांसाठी उत्खनन सुरू झाले. अविवाहित माता आणि त्यांच्या मुलांसाठी बॉन सेक्यूर्स सिस्टर्स या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाने १९२५ ते १९६१ या काळात चालवलेल्या गृहाचे ते आवार. तिथे दगावलेल्या ७९६ मुलांची नावे कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी मृत्यूच्या नोंदींमधून हुडकून काढली आणि २०२१ मध्ये चौकशी आयोगाच्या अहवालानंतर त्या संघाने माफी मागितली. आरोप करायचा तर असा, कागद हातात घेऊन, असे मी काकांना जरा तोऱ्यातच लिहिले. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: "म्हणजे सिस्टर वाईटच ना?"

माझी पंचाईत अशी की ऑफिसात मी नेमकी उलटी बाजू लढवतो. कोणी सहकारी नन या शब्दावर तोंड वाकडे करू लागला, की मी त्याला २०१८ च्या सप्टेंबरात कोचीत उच्च न्यायालयाजवळ धरणे धरून बसलेल्या पाच सिस्टरांची हकिकत ऐकवतो. त्यांच्याच संघातल्या एका सिस्टरने बिशपवर, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यावर, बलात्काराची तक्रार केली होती आणि त्यांचा संघ त्याच बिशपच्या अधिकाराखाली होता. ज्यांना आपण चर्चची सत्ता समजतो त्या बायकांच्या हाती प्रत्यक्षात किती थोडे असते, हे मला त्यातून दाखवायचे असते. ते बिशप २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयातून निर्दोष सुटले, हे सांगायचे मी सहसा टाळतो. काकांना तर कोचीबद्दल अवाक्षरही सांगत नाही, कारण त्यांच्या हाती आयते कोलीतच मिळेल.

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एकीने विचारले, तुमच्या देशात सिस्टरांना लोक कसे वागवतात? "आदराने," मी म्हणालो आणि आत्याच्या मुलींच्या इंग्रजीची गोष्ट सांगितली. दुर्गची अटक इथे मी अजून कोणालाही सांगितलेली नाही.