उशीत अडकलेला हात

जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आत लॅबच्या चाळीस कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकायची होती. प्राचार्य म्हणाले, "त्यात काय एवढं! पेनड्राइव्ह लावायचा नि नेक्स्ट-नेक्स्ट करायचं." खरंय. पण मग चाळीसही मशीन एकदम अपडेट ओढायला लागतात आणि ऑफिसातल्या बाई "नेट कोणी खाल्लं?" विचारत लॅबच्या दारात उभ्या राहतात. म्हणून ठरवलं, अपडेट इमेजमध्ये, म्हणजे जिच्यातून विंडोज टाकली जाते त्या मूळ फाइलीत, आधीच भरून ठेवायचे.

'इन्स्टॉल डॉट विम' ही ती फाइल. ती म्हणजे उशी समजा. माउंट करायची, म्हणजे शिवण उसवायची. 'डिझम' या विंडोजमधल्याच टूलच्या कमांडने अपडेट आत कोंबायचे, तो कापूस. मग कमिट करून अनमाउंट, म्हणजे टाके. आमची आजी एवढं काम दुपारच्या चहाआधी उरकायची.

माझा पहिला दिवस चुकीच्या उशीत गेला. एकाच फाइलीत होम, प्रो अशा सगळ्या आवृत्त्या नंबर लावून बसलेल्या असतात. मी आपला एक नंबर भरला. तो होम निघाला. आमची लायसन्सं प्रोची.

दुसऱ्या दिवशी प्रो भरली. टक्केवारी बासष्टवर जाऊन बसली ती ढिम्म हलेना, आणि मी डबा खाऊन येईतो शंभर! आता फक्त टाके. तर एरर: डिरेक्टरी पूर्णपणे अनमाउंट करता आली नाही. अँटिव्हायरस बंद केला. पुन्हा तेच. कमांडचं स्पेलिंग तीनदा मोठ्याने वाचलं. पुन्हा तेच. संध्याकाळी झाडायला आलेले शिपाईमामा म्हणाले, "सर, खिडकी उघडी ठेवू नका, कबुतरं येतात."

ते भिंतीतल्या खिडकीबद्दल बोलत होते. माझी नजर मात्र टास्कबारवर गेली. कापूस नीट बसलाय का बघायला सकाळी मीच तो माउंट केलेला फोल्डर उघडला होता आणि खाली सारून विसरलो होतो. हात उशीतच, नि मी सुईला शिव्या देतोय.

इमेज घरी आणली. पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा, पण फॅट३२ फॉरमॅटचा. तो ४ जीबीच्या वरची एक फाइल म्हणून घेत नाही. भाकरीसारखे दोन तुकडे केले, तेव्हा त्याच्या घशाखाली उतरली.

प्राचार्यांचा मेसेज आला, "झालं का?" मी "हो सर, एकदम ताजं" असं टाइप केलं आणि कॅलेंडरकडे लक्ष गेलं. महिन्याचा दुसरा मंगळवार. विंडोजचे नवे सुरक्षा अपडेट याच दिवशी येतात, जूनमध्ये आपल्याकडच्या रात्री साडेदहाला.

दहा वीस झाले होते. घाईघाईने मेसेज पाठवून टाकला.