वराडकर आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हते

लिओ वराडकरांचं नाव निघालं की एक मजकूर हमखास फिरतो: "मालवण तालुक्यातल्या वराड गावचा वंशज आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला. तिथे राष्ट्राध्यक्षाला 'टीशख' म्हणतात." गाव बरोबर आहे, पद साफ चुकलंय.

टीशख म्हणजे पंतप्रधान. राष्ट्राध्यक्षासाठी आयरिश शब्द आहे 'ऊअख्तरान'. 14 जून 2017 रोजी डॉइलने, म्हणजे तिथल्या लोकसभेने, टीशखपदासाठी वराडकरांचं नाव 57 विरुद्ध 50 मतांनी मंजूर केलं. त्यांना नेमणूक दिली ती ऊअख्तरान मायकल डी. हिगिन्स यांनी.

"टीशखचा मूळ अर्थ टोळीनायक, म्हणजे सर्वोच्च तोच," अशी पुस्तीही जोडली जाते. जुना अर्थ खरा आहे, पण अधिकार ठरतात 1937 च्या संविधानाने. कलम 28 टीशखला सरकारचा प्रमुख करतं; कलम 12 ऊअख्तरानला राज्यातल्या सर्व व्यक्तींच्या वरचा मान देतं. मेख अशी, की 'राष्ट्रप्रमुख' हा शब्द त्या कलमात नाही. 1936 च्या कायद्यानुसार आयरिश राजदूतांच्या नेमणुका ब्रिटिश राजाच्या नावाने होत होत्या. ते थांबलं 18 एप्रिल 1949 ला, प्रजासत्ताकाचा कायदा लागू झाल्यावर. त्यामुळे पहिले ऊअख्तरान डग्लस हाइड (1938-45) यांच्या काळात राष्ट्रप्रमुख नक्की कोण, ते की राजा, यावर खुशाल वाद घाला. टीशखचं नाव त्या वादातही येत नाही.

"ऊअख्तरान नुसता शोभेचा" हे अर्धसत्य. रोजचा कारभार टीशखकडे असतो, हे खरं. पण ऊअख्तरानला जनता थेट निवडते: मुदत 7 वर्षं, जास्तीत जास्त दोनदा, वय किमान 35. उमेदवारीला संसदेचे 20 सदस्य किंवा 4 स्थानिक परिषदांचा पाठिंबा लागतो. मावळत्या किंवा माजी ऊअख्तरानला स्वतःचं नाव स्वतःच देता येतं. एखादं विधेयक घटनेला धरून आहे का, हे तो सर्वोच्च न्यायालयाला विचारू शकतो. बहुमत गमावलेल्या टीशखने डॉइल विसर्जित करायला सांगितलं, तर नकार देणं सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. गंमत म्हणजे सरकारच्या संमतीशिवाय त्याला देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही!

बातमी तपासताना पत्ता बघा. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधलं निवासस्थान, ज्याला नुसतं 'आरस' म्हणतात, ते ऊअख्तरानचं. मेरियन स्ट्रीटवरचं कार्यालय टीशखचं. 11 नोव्हेंबर 2025 ला ऊअख्तरान म्हणून शपथ घेतली कॅथरीन कॉनली यांनी. टीशख तेव्हा मीहॉल मार्टिन होते.