साहेबांना भेटायचंय? आधी आगटी पेटवा

तर समजा तुमचं खडी क्रशर आहे, एक नियम आडवा यायलाय आणि साहेबांना जरा "भेटायचंय". पहिली गोष्ट, याला लॉबिंग म्हणायचं नाही. लॉबिंग अमेरिकेत करतात. तिथं १९९५ पासून कायदाय, नाव नोंदवायचं आणि दर तीन महिन्याला कुणासाठी, कशासाठी, कितीत ते सगळं लिहून द्यायचं, येडेच आहेत. आपल्याकडं असा कायदाच नाही त्यामुळं मोडायचं पाप बी नाही. आपल्याकडं फक्त ओळख असती.

ऑफिसात जाऊ नका. तिथं कॅमेरा, आवक-जावक रजिस्टर, आणि बाकड्यावर एखादा माहिती अधिकारवाला बसलेलाच असतो. शेतात बोलवा, डिसेंबर-जानेवारीत, हुरड्याला. आता तुम्ही म्हणाल हे नियमात बसतं का? बसवायचं असतं हो! शासकीय नोकरांचे वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, एकदा वाचाच, लई कामाचेत. भेटवस्तू घेऊ नये असं त्यात आहे, पण प्रासंगिक जेवण किंवा गाडीत दिलेली लिफ्ट ही भेटवस्तू धरायची नाही असंबी आहे. आणि हुरडा तर जेवण सुद्धा नाही, चटणी, गूळ, दही, दोन बोरं, नंतर वांग्याची भाजी-भाकरी आपली उगं तोंडी लावायला. पुढं एक खोच आहे, ज्याचं आपल्याकडं काम आहे त्याचा वारंवार किंवा डामडौलाचा पाहुणचार टाळावा म्हणतात. सोपंय. हा रविवार तुमच्या शेतात, पुढचा मेव्हण्याच्या, त्याच्या पुढचा भाच्याच्या. प्रत्येकाचा पाहुणचार एकदाच, साहेब तेवढे तेच.

पाकीट मात्र नको बरं का. लाचलुचपत कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून देणारा बी गुन्हेगार, सात वर्षांपर्यंत आत. जबरदस्तीनं द्यावं लागलं अन् ७ दिवसांत कळवलं तरच वाचता. १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर पाठ करून ठेवा, म्हणजे चुकून लागायचा नाही.

राहिली पारदर्शकता. युरोपियन युनियनचा कारभार बघणाऱ्या युरोपियन कमिशनचे कमिशनर कोण भेटलं, कधी, कशासाठी ते वेबसाइटवर टाकतात. आपण त्यांच्याही पुढं, चौकात दहा बाय वीसचं फ्लेक्स लावतो. शाल, नारळ, साहेब, तुम्ही, बाजूला मेव्हण्याचा गॉगल, खाली "सदिच्छा भेट". तारीख आहे, माणसं आहेत, फक्त विषय तेवढा जागेअभावी राहतो.

अन् कुणी माहिती अधिकार टाकलाच तर टाकू द्या. तीस दिवसांनी उत्तर येईल, सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. खोटं थोडीच आहे, शेतातल्या आखाड्यावर कुठं आवक-जावक असती. फक्त ज्वारी गुळभेंडी बघा आणि कोवळीच तोडा, मागच्या वेळी एकानं निबर हुरडा दिला, त्याची फाईल अजून खालीच आहे.