बाहेरचा मेकॅनिक

काल रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो झळकला. त्यात पार्किंगमध्ये उचलून ठेवलेली एक जुनी स्विफ्ट होती, तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते आणि खाली सचिवांची सूचना होती : ‘सभासदांनी बाहेरचे मेकॅनिक आणून पार्किंगमध्ये कामे करवून घेऊ नयेत. दंड आकारण्यात येईल.’ ते पाय माझे होते. गाडी माझी, पार्किंगची जागा माझी, आणि तरीही एवढ्या मोठ्या इमारतीत त्या पायांची ओळख कोणालाही पटू नये, याचा राग अजून गेलेला नाही. पत्नीने तर त्या सूचनेला अंगठा दिला.

झाले होते एवढेच, की पावसाळा संपता संपता पुढच्या डाव्या चाकातून प्रत्येक गतिरोधकावर ‘खट्’ असा आवाज येऊ लागला होता. चाकाला खालून धरून ठेवणारा जो लोखंडी लोअर आर्म असतो, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट खिळखिळा झाला होता. गॅरेजवाल्याने आर्मच्या जोडीला शॉकॲब्सॉर्बर आणि स्टिअरिंगची रॅकही यादीत घातली, तेव्हा मी नाना पेठेतून फक्त आर्म आणला आणि रविवारी सकाळी कामाला लागलो.

डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यासाठी असतो, खाली डोके घालण्यासाठी नव्हे, म्हणून गाडी भक्कम स्टँडवर घेतली. बॉल जॉइंटची दांडी ज्या बोल्टने आवळलेली असते, तो बोल्ट त्या दांडीच्या खाचेतून आरपार जातो. त्यामुळे तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण उपसावा लागतो, आणि आमचा बोल्ट गंजून बसलेला होता. पान्याला पाइप लावून मी जोर काढत असताना शेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरचे, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले काका वर्तमानपत्रासह स्थानापन्न झाले होते.

“गाडी बंद पडली का हो?”

“नाही काका, लोअर आर्म बदलतोय.”

“म्हणजे चालू आहे ना?”

“चालू आहे.”

“मग उघडलीत कशाला?”

या प्रश्नाला गाडीखालून देता येईल असे उत्तर नसते. काकांनी मग गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा विचारून घेतला, त्यातून आर्मची किंमत वजा केली, सकाळपासूनचे तास बोटांवर मोजले आणि भागाकार करून जाहीर केले, “आमच्याकडचा प्लंबर याहून जास्त घेतो.” तेवढ्यात बोल्ट सुटला. माझ्या तोंडून निघालेला आनंदाचा उद्गार त्यांनी भागाकारावरची प्रतिक्रिया समजून घेतला.

खरी कसोटी पुढेच होती. नवा आर्म बसला, चाक चढले, आणि मी पुढची दोन्ही चाके फळ्यांच्या थरांवर घेऊन पुन्हा खाली शिरलो. “काही राहिलं का?” काकांच्या स्वरात समाधान होते. मी समजावून सांगितले, की आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथल्या रबरी सांध्याचे, म्हणजे बुशचे, बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायचे असतात. चाक लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली टेकल्यावर बुशचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. काका बराच वेळ गप्प बसले. एका अभियंत्याला दुसऱ्याचे म्हणणे पटले असावे, असे वाटून मला भरून आले.

“गॅरेजमध्ये असंच करतात?”

“पुष्कळदा नाही करत.”

“तरी गाड्या चालतातच ना?”

एवढे बोलून काकांनी जुना आर्म मागून घेतला. गच्चीचे दार वाऱ्याने आपटते, त्याला लावायला तो अगदी बेताचा आहे, असे त्यांचे मत पडले.

मी गाडी घेतली तेव्हा तिच्या किमतीच्या ११ टक्के कर सरकारला एकरकमी दिला, आणि त्या बदल्यात जे रस्ते मिळाले त्यांनीच हा आर्म खाल्ला. त्याबद्दल ग्रुपवर कोणी दंडाची भाषा करत नाही. याच ग्रुपवर घरी पाव भाजणाऱ्या गृहस्थांना टाळ्या मिळतात आणि कुंडीत टोमॅटो आला तर अभिनंदनाची रांग लागते. हाताला ग्रीस लागले, की मात्र तो माणूस आपल्यातला असूच शकत नाही, तो बाहेरचाच असणार, आणि त्याला लिफ्टने जाऊ द्यावे की जिन्याने, एवढाच प्रश्न उरतो. हे मला विनोदी वाटत नाही.

शेवटी मी सचिवांना फोन केला.

“अहो, फोटोतले पाय माझे आहेत.”

“असं होय!” ते मनापासून चकित झाले. “मग तुमचा मेकॅनिक कुठे होता?”

सूचना काही त्यांनी मागे घेतलेली नाही. आज व्हील अलाइनमेंट करून आणले, डावीकडचा आवाज पूर्ण बंद झाला, आणि तो बंद झाल्यामुळे उजवीकडचा स्पष्ट ऐकू येऊ लागला. दुसरा आर्म आणून ठेवला आहे. येत्या रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा असून ती गच्चीवर आहे; सचिव आणि काका दोघेही वर असतील, तेवढ्यात पार्किंगमधले काम उरकण्याचा विचार आहे.